नट-बोल्टची आलमारी

आमच्या विदर्भात कपाटाला आलमारी म्हणतात. पुण्या-मुंबईकडची भाचेमंडळी यावरून आम्हाला चिडवतात, "मामा, हा हिंदी शब्द झाला." तर मंडळी, तो मूळचा हिंदीही नाही. पोर्तुगीजांनी तो आपल्याकडे आणला. त्यांचा शब्द 'आर्मारियो'. त्याच्या मागे लॅटिन 'आर्मारियुम', आणि त्याच्याही मागे 'आर्मा' म्हणजे शस्त्रं, अवजारं. म्हणजे आलमारी ही मुळात साड्या ठेवायची वस्तूच नव्हे, अवजारं ठेवायची जागा! आणि तुमचं 'कपाट'? संस्कृतात कपाट म्हणजे दाराची फळी. आता कुणी कुणाला चिडवायचं ते तुम्हीच ठरवा.

हे पुराण अशासाठी, की यंदाच्या उन्हाळ्यात मी अल्लीपूरच्या घरी, मागच्या कोठ्यात, खरोखरीची अवजारांची आलमारी करून घेतली. (कोठा म्हणजे आमच्याकडे गुरांचा गोठा. आता गुरं नाहीत. स्कूटर, फवारणीचा पंप आणि पाण्याची जुनी मोटर असते.) घरात पन्नास-साठ वर्षांपासून साठलेले खिळे, स्क्रू, नट, बोल्ट, वायसर, बिजागऱ्या, कोयंडे, सगळं डालड्याच्या आणि बिस्किटांच्या डब्यांत एकत्र पडून होतं. ते सगळं निवडून चाळीस खणांत लावलं. मुलाला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "छान आहे बाबा, पण हे भंगारात का नाही टाकलं?"

प्रश्न रास्त आहे. पण आयुष्यभर पोरांना इतिहास शिकवलेल्या माणसाला असं काही विचारलं की तो दोनशे वर्षं मागे गेल्याशिवाय उत्तर देत नाही. तेव्हा जरा दमानं घ्या.

मी स्वतःला पहिला प्रश्न विचारला तो असा. माझ्या आजोबांच्या आजोबांनी अशी आलमारी केली असती का? नसती केली. कारण तिच्यात ठेवायला काही नव्हतंच. जुनी लाकडी बंडी डोळ्यांसमोर आणा. चाकाच्या मध्ये तुंबा, त्यात ठोकून बसवलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर लाकडी पुठ्ठे, आणि वरून लोहाराने तापवून चढवलेली लोखंडी धाव. तापलेल्या धावेवर पाणी ओतलं की ती आकसते आणि सगळं चाक मुठीसारखं आवळून धरते. चाक आसावरून निसटू नये म्हणून टोकाला एक कुणी. झालं! बाकी सगळे सांधे एका लाकडाला जीभ आणि दुसऱ्याला खाच, असे. अख्ख्या बंडीत आटे पाडलेली वस्तू एकही नाही.

सुताराकडे वाकस, करवत, पटाशी, रंधा असा सरंजाम असायचा, पण 'सुटे भाग' नावाची गोष्ट त्याच्याकडे नव्हती. आरा मोडला की त्या चाकाच्या, त्या भोकाच्या मापाचा आरा तो तिथेच बसून तासायचा. एका बंडीचा आरा दुसऱ्या बंडीला बसेलच असं नाही. प्रत्येक वस्तू एकुलती एक. यात तोटा होता तो वेळेचा. फायदा एवढाच पण मोठा, की मोडलेली वस्तू जोडायला गावाबाहेर जावं लागत नसे. लाकूड गावचं, सुतार गावचा, लोहार गावचा, आणि मजुरी सुगीनंतर धान्यात.

आता पेचाकडे येऊ. 'पेच' हा शब्द फारसी, अर्थ वळसा किंवा पीळ. कुस्तीतला पेच, पतंगाचा पेच आणि राजकारणातला पेच, सगळी एकाच घराण्यातली भावंडं. वळसा घालत पुढे सरकणारी ही वस्तू युरोपात खूप जुनी. द्राक्षं आणि ऑलिव्ह दाबायच्या घाण्यांना मोठमोठे लाकडी पेच असत. धातूचे छोटे स्क्रू घड्याळांत आणि बंदुकांत आले. पण ते सगळे हाताने कानस घासून केलेले. त्यामुळे प्रत्येक बोल्टचा स्वतःचा असा एकच नट असायचा. यंत्र उघडलं की कुठला नट कुठल्या बोल्टचा याच्या खुणा करून ठेवाव्या लागत. जोडप्यांची ताटातूट झाली की संपलं!

इथे माझ्या लक्षात एक गंमत आली. त्या काळात एखाद्याने नीटनेटकेपणाच्या हौसेने सगळे बोल्ट एका खणात आणि सगळे नट दुसऱ्या खणात टाकले असते, तर त्याने कारखाना आवरला नसता, बुडवला असता. वर्गवारी करायची तर आधी वस्तू एकसारख्या असाव्या लागतात. आणि एकसारख्या वस्तू आपोआप होत नाहीत, त्या कुणीतरी कराव्या लागतात.

ते काम दोन इंग्रज कारागिरांनी केलं. हेन्री मॉडस्लेने १८०० च्या सुमारास लंडनमध्ये असं लेथ तयार केलं की ज्यावर एकसारखे, अचूक आटे पुन्हा पुन्हा पाडता येऊ लागले. मॉडस्लेच्याच कारखान्यात काही काळ काम केलेला जोसेफ व्हिटवर्थ. त्याने इंग्लंडभरच्या कारखान्यांतून स्क्रू गोळा केले, आट्यांची मापं घेतली, त्यांतून सर्वांना चालेल असं मधलं माप काढलं आणि १८४१ साली ते इंजिनिअरांच्या संस्थेपुढे मांडलं. आट्याचा कोन ५५ अंश, आणि अमुक जाडीच्या बोल्टला इंचात तमुक आटे. पाव इंची बोल्टला इंचात २०, अर्ध्या इंचीला १२. बस्स, एवढंच. पण त्यामुळे एका गावातला नट दुसऱ्या गावातल्या बोल्टवर बसू लागला. मला विचाराल तर हा शोध वाफेच्या इंजिनाच्या पंगतीत बसवायला हवा. आमच्या इतिहासाच्या पुस्तकांत जेम्स वॅटला जागा होती, व्हिटवर्थ मात्र कुठेच नव्हता.

आटे जुळले नाहीत तर काय होतं, याचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. फेब्रुवारी १९०४ मध्ये बाल्टिमोर शहराला मोठी आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क अशा शहरांतून बंब धावून आले. पण त्यांच्या नळ्यांचे जोड बाल्टिमोरच्या पाण्याच्या तोट्यांना बसेनात! प्रत्येक शहराचे आटे वेगळे. पाणी होतं, माणसं होती, बंब होते, आणि दीड हजारांहून जास्त इमारती जळून गेल्या.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. १८६७ साली आगगाडी वर्ध्यावरून नागपूरपर्यंत पोचली. ती कापसासाठी आली, हे वेगळं सांगायला नको. हिंगणघाटच्या कापसाचं नाव तेव्हा विलायतेच्या बाजारात होतं. १८८१ साली हिंगणघाटला कापडगिरणी निघाली. जिनिंग आणि प्रेसिंगचे कारखाने आले. रेल्वेचे डबे, पूल, गिरणीची यंत्रं, सगळी ब्रिटिश पद्धतीची, त्यामुळे त्यांच्यासोबत व्हिटवर्थचे आटेही वऱ्हाड-नागपुरात उतरले. पुढे लोखंडी नांगर आला, मग शेतात ऑइल इंजिन आलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली, आणि बोल्टने जोडलेला लोखंडी नांगर मराठी शेतकऱ्याच्या ओळखीचा झाला.

यंत्रांसोबत मोजमापाची भाषाही आली, आणि आपल्या मिस्त्री लोकांनी तिला लगेच देशी कपडे घातले. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक 'सूत'. पाव इंची बोल्ट 'दोन सुती', अर्धा इंची 'चार सुती'. आजही हिंगणघाटच्या हार्डवेअरच्या दुकानात "तीन सुती बोल्ट द्या" म्हटलं तर दुकानदार अडखळत नाही. आणे गेले, शेर-पायली गेली, सूत मात्र टिकलं!

पण एक गोष्ट बदलली. बंडीचा आरा गावात होत होता. इंजिनाचा बोल्ट गावात होत नव्हता. तो कुठून तरी लांबून यायचा. मोडकं दुरुस्त करायची किल्ली गावाच्या हातातून सुटली.

हे दुखणं ज्यांनी नेमकं ओळखलं ती माणसं योगायोगाने आपल्याच जिल्ह्यात राहायला आली. गांधीजींना 'यंत्राचे शत्रू' म्हणून मोकळं होणाऱ्यांनी १९२९ सालची एक स्पर्धा जरूर वाचावी. अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरखा करणाऱ्याला एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्या काळचे एक लाख! अटी मात्र कडक. किंमत १५० रुपयांच्या आत. खेड्यातल्या बाईला फार न थकता चालवता यावा. नीट देखभाल केली तर निदान २० वर्षं चालावा. आणि दुरुस्तीचा खर्च वर्षाला किमतीच्या ५ टक्क्यांहून जास्त नसावा. गणित करा, वर्षाला साडेसात रुपये. बक्षीस अखेर कुणालाच मिळालं नाही. पण यंत्र विकत घेण्याआधी "हे मोडल्यावर काय?" असं विचारणारी अट मी दुसऱ्या कुठल्या स्पर्धेत वाचलेली नाही.

पुढे वर्ध्याला मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम सुरू झालं. कुमारप्पा तिथे राहिले. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडलं. वर्ध्याला गेलात तर सेवाग्रामबरोबर हेही बघा, लोक तिकडे फिरकत नाहीत. आणि १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यालाच जी शिक्षण परिषद भरली, तिच्यातून नई तालीम निघाली. झाकिर हुसेन समितीने जे मूलोद्योग धरले त्यांत कताई-विणाई आणि शेतीसोबत सुतारकामही होतं. पोराला अक्षर आणि रंधा दोन्ही यावं, हा त्यामागचा विचार. आमच्या नोकरीच्या काळापर्यंत त्याचं 'कार्यानुभव' झालं होतं. आठवड्याच्या वेळापत्रकातला तो तास बऱ्याचदा परीक्षेच्या उजळणीला जायचा. असो.

मला वाटतं, गांधी-कुमारप्पांचा मुद्दा आणि व्हिटवर्थचा मुद्दा एकमेकांच्या विरुद्ध नाहीत, जरी तसे दिसले तरी. प्रमाणित बोल्ट गावात तयार होत नाही हे खरं. पण तो कुठल्याही तालुक्याच्या दुकानात मिळतो, कुठल्याही कंपनीच्या यंत्राला बसतो आणि साध्या पान्याने कुणालाही खोलता येतो. म्हणजे गावाच्या हातून गेलेली किल्ली त्याने काही अंशी परत दिली. पूर्वी आपलं स्वावलंबन सुताराच्या हातात होतं, मग ते मापाच्या सारखेपणात आलं.

अर्थात मापंही एकाची दोन झाली. अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ मध्ये ६० अंशांचे आटे सुचवले, इंग्रजांचे ५५ अंशांचेच राहिले. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रं एकत्र लढली, पण त्यांचे नट-बोल्ट काही एकत्र येईनात. युद्धानंतर १९४७ मध्ये 'आयएसओ' ही प्रमाणीकरणाची जागतिक संस्था निघाली. तिची समिती क्रमांक १ कशावर असेल? स्क्रूच्या आट्यांवर! त्याच वर्षी आपल्याकडे भारतीय मानक संस्था निघाली. १९५६ चा वजनमापाचा कायदा आला, १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले, आणि टप्प्याटप्प्याने मीटर-किलो रुजले. त्या बदलाच्या उंबरठ्यावर आमची पिढी शाळेत गेली. घरचे मोठे हिशेब आण्यात बोलायचे आणि गुरुजी दशांश चिन्ह शिकवायचे.

त्यामुळे आमच्या कोठ्यातले डबे रिकामे केले तेव्हा त्यात दोन्ही राज्यं निघाली. वडिलांच्या काळच्या ऑइल इंजिनाचे इंची बोल्ट, आणि अलीकडच्या मोटरचे, स्कूटरचे मिलीमीटरचे. नुसत्या डोळ्यांना सारखेच दिसतात. तीन सुती बोल्ट साडेनऊ मिलीमीटरचा, त्याच्या शेजारचा दहाचा. एकाचा नट दुसऱ्यावर लावला तर पहिला एखादा वेढा घेतो, मग अडतो. जोर केलात तर आटे मरतात. आटे मोजायची दातेरी पट्टी हार्डवेअरच्या दुकानात मिळते, ती लावली की दूध का दूध. जुन्या पान्यांचीही एक गंमत कळली. व्हिटवर्थच्या पान्यावर आकडा असतो तो बोल्टच्या जाडीचा, पान्याच्या तोंडाचा नव्हे. म्हणून 'अर्धा इंच' लिहिलेला पाना अर्ध्या इंचापेक्षा कितीतरी मोठा दिसतो.

आलमारी कशी केली तेही सांगतो, कुणाला करायची असेल तर उपयोगी पडेल. रुंदी ४ फूट, उंची ५ फूट, खोली १० इंच. चौकट १९ मिलीमीटर प्लायवूडची. खोली मुद्दाम कमी ठेवली, कारण खोल खणात मागची वस्तू हरवते. आठ रांगा, एका रांगेत पाच खण. लोखंड फार जड असतं, चार किलो खिळ्यांचा खण वर ठेवला तर एक दिवस डोक्यात येणार. म्हणून जड सामान सगळ्यात खाली, आणि वरच्या रांगेत वायसर, बटणांचे स्क्रू, क्लिपा असं हलकं. त्याखाली दोन रांगा लाकडाच्या स्क्रूंच्या आणि बिजागऱ्यांच्या. मग दोन रांगा मिलीमीटरच्या, त्यांना लाल पट्टी, आणि दोन रांगा इंचाच्या, त्यांना हिरवी. मधे मुद्दाम जाड फळी घातली, म्हणजे फाळणी पक्की! आलमारी जमिनीला टेकवली नाही, विटांवर ठेवली, कारण वाळवी. आणि भिंतीपासून चार बोटं सोडली, पावसाळ्यात ओल येते म्हणून. प्रत्येक खणाच्या तळाशी तेलाचा हात फिरवलेला कापडाचा तुकडा.

खणांवर चिठ्ठ्या लावायच्या होत्या. सुबक अक्षरात लिहून काढायची मास्तरी हौस होतीच. पण आमच्याकडे कामाला येणारा सुतार म्हणाला, "गुरुजी, लिहू नका, लावा." म्हणजे प्रत्येक खणाच्या दर्शनी फळीवर त्या खणातला एक नमुनाच बसवा. फार शहाणपणाचं बोलला. आता वाचता येणारा, न येणारा, चष्मा विसरलेला, कुणीही बघून वस्तू काढू शकतो.

निवडायला तीन आठवडे लागले. हातात एकेक वस्तू येत होती आणि तिच्यामागची मोडतोड आठवत होती. इंजिनाच्या पायाचे बोल्ट, वखराची कडी, सायकलच्या मागच्या चाकाचे नट, पाळण्याचे आकडे. घराने काय काय जपून वापरलं याची ही हजेरीच होती. विकत घेतलेल्या वस्तूंच्या पावत्या आपण फेकून देतो, दुरुस्तीची पावती मात्र अशी डब्यात उरते.

सगळ्यात खालच्या रांगेतला शेवटचा खण 'बेवारशी' आहे. कशालाच न बसणाऱ्या वस्तूंचा. त्यात जुनं फार कमी निघालं. जे निघालं ते बहुतेक गेल्या पंधरा-वीस वर्षांतलं आहे. तीन कोनांचे, पाकळ्यांचे, मधे टोक असलेले स्क्रू, आणि एकदा उघडल्या की तुटणाऱ्या प्लास्टिकच्या खुंट्या. हे स्क्रू असे का असतात याचा शोध घेतला. अ‍ॅपल कंपनीने २००९ पासून आपल्या काही संगणकांना, आणि पुढे आयफोनला, पाच पाकळ्यांचा वेगळाच स्क्रू बसवला, जो घरातल्या कुठल्याच पेचकसाने उघडत नाही. व्हिटवर्थने सगळ्यांचे आटे एक करायला धडपड केली, आणि आता मालकाला स्वतःची वस्तू उघडता येऊ नये म्हणून ते वेगळे केले जात आहेत. बाल्टिमोरला हे अजाणता झालं होतं, आता जाणूनबुजून होतंय.

ही फक्त मोबाईलवाल्यांची तक्रार आहे असं समजू नका. अमेरिकेतले शेतकरी आपला ट्रॅक्टर आपण दुरुस्त करायचा हक्क मिळावा म्हणून वर्षानुवर्षं भांडले, तेव्हा कुठे कोलोरॅडो राज्यात २०२३ साली तसा कायदा झाला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, तिच्या विषयांत शेतीची अवजारं होती, आणि त्या वर्षाच्या शेवटी त्यासाठी पोर्टलही सुरू झालं. शब्द नवा आहे. पण मला तर त्यात १९२९ ची ती पाच टक्क्यांची अट ऐकू येते.

म्हणून भंगारवाल्याला मी अजून बोलावलेलं नाही. किलोच्या भावाने या सगळ्याचे फार तर हजार-दीड हजार येतील. पण मागच्याच महिन्यात शेजारच्या वावरातली जुनी मोटर दोन नटांवाचून अडली होती. हिंगणघाटला जाऊन यायचं म्हणजे अर्धा दिवस. पोरगा आला, हिरव्या पट्टीच्या रांगा डोळ्यांनी चाळल्या, खण ओढला आणि दहा मिनिटांत गेला. मला विचारलंसुद्धा नाही!

तुमच्याकडेही असा एखादा डबा असेलच. फेकण्याआधी एकदा वर्तमानपत्रावर उपडा करून बघा आणि काय निघालं ते कळवा. आणि कुणाच्या जुन्या इंजिनाला, शिवणयंत्राला इंची आट्यांचा नट मिळत नसेल तर अल्लीपूरला या. चहा आहेच. फक्त नमुन्याचा बोल्ट सोबत आणा, "मास्तर, एवढा एवढा होता" असं बोटांनी दाखवलेलं माप चालणार नाही.